नैतिक अधिकार: कुणाचा, कशापुरता, कुठवर?

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात बटाटेवड्यांचे खोके. हिशेबपत्रक मंजुरीला आले तेव्हा मागच्या रांगेतले एक सभासद उठले. "पंपाची दुरुस्ती वर्षात तीनदा झाली, तिन्ही वेळा त्याच माणसाकडून. कोटेशन कुठे आहे?" सचिवांनी शांतपणे वही उघडली. "तुमचा सात महिन्यांचा मेंटेनन्स थकला आहे. आधी तो भरा, मग बोला." सभा हसली, विषय मंजूर झाला, वडे वाटले गेले. कोटेशन कुणीच पाहिले नाही.

असा प्रसंग कुठल्याही शहरातल्या कुठल्याही इमारतीत घडतो. 'नैतिक अधिकार' नावाच्या गोष्टीचा बराचसा गुंता त्यात सापडतो. विधानसभेपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हा शब्दप्रयोग कानावर येतो तो बहुधा नकाराला जोडूनच: 'यांना बोलण्याचा नैतिक अधिकार नाही.' उलट 'मला नैतिक अधिकार आहे' असे कुणी छातीठोक सांगू लागला, तर ऐकणारे गालातल्या गालात हसतील. मालकाला जिच्यावर दावा सांगता येत नाही, अशी ही मालमत्ता आहे. ती दुसऱ्यांनी द्यायची आणि दुसऱ्यांनीच काढून घ्यायची. ती कशाने मिळते, कशाने जाते आणि तिच्या बळावर काय साधते, याचा हा आढावा.

एका शब्दाची अनेक घरे

मराठीत 'अधिकार' हा शब्द बरीच कामे करतो. तहसीलदाराचा अधिकार म्हणजे पदाची सत्ता. माहितीचा अधिकार म्हणजे हक्क. 'ख्यालगायकीत त्यांचा अधिकार मोठा' असे म्हणतो तेव्हा साधनेने आलेली पात्रता अभिप्रेत असते. नैतिक अधिकार या तिसऱ्या घरातला. पण त्याच्या शेजारी आणखी एक जुने घर आहे, ते म्हणजे अधिकारभेद. कुणी वेद ऐकावेत, कुणी कोणते कर्म करावे, हे शास्त्राने जन्मावर ठरवले होते. म्हणून महाराष्ट्रात नैतिक अधिकाराचा आधुनिक इतिहास सुरू होतो तो जन्माने मिळालेला अधिकार नाकारण्यापासून. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला, तेव्हा माणूस आणि देव यांच्यामध्ये मध्यस्थ म्हणून उभे राहण्याच्या पुरोहिताच्या अधिकारालाच त्यांनी हात घातला.

युरोपातल्या विचारवंतांनी हा प्रश्न सत्तेच्या अंगाने मांडला. माणसे हुकूम का मानतात, याची तीन कारणे मॅक्स वेबर यांनी १९१९ सालच्या प्रसिद्ध व्याख्यानात सांगितली: परंपरा, नेत्याचे अलौकिक वाटणारे व्यक्तिमत्त्व आणि कायदा. पण नैतिक अधिकार असलेल्या माणसाकडे हुकूम सोडण्याची सोयच नसते. हॅना आरेंट यांनी नेमके यावर बोट ठेवले. जिथे बळ वापरावे लागते तिथे अधिकार संपलेला असतो आणि जिथे युक्तिवाद करून पटवावे लागते तिथेही तो बाजूला ठेवलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. पहिला भाग पटतो. दुसरा मात्र आपल्याकडच्या अनुभवाशी जुळत नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीतच प्रश्नोत्तरांची होती. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचा अंगरखा, आणि समोरच्या गर्दीला एकामागून एक प्रश्न. उत्तर गर्दीने द्यायचे. तिथे युक्तिवादाने अधिकार कमी झाला नाही, उलट वाढला.

चारित्र्य की चुकवलेली किंमत?

नैतिक अधिकार चारित्र्यातून येतो, असे आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. स्वच्छ चारित्र्याची, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली माणसे गल्लोगल्ली असतात. त्यांचा शब्द कुणी झेलत नाही. ज्यांचा शब्द झेलला गेला त्यांच्या चरित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: त्यांनी आपल्याच माणसांना नको ते ऐकवले आणि त्याची किंमत चुकवली.

रामशास्त्री प्रभुणे हे याचे घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असे शास्त्रीबुवांनी सांगितले आणि ते पुण्यातून निघून गेले. निकाल अमलात आणायला त्यांच्याकडे एक शिपाईही नव्हता. ज्याच्या पदरी नोकरी, त्यालाच त्यांनी गुन्हेगार म्हटले. अडीच शतके त्यांचे नाव टिकले ते त्यामुळे.

गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट याहून अवघड आहे. १८९७ साली ते इंग्लंडमध्ये असताना पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरांत शिरत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी तिथे सैनिकांच्या वर्तनाबद्दल गंभीर आरोप केले. परतल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा तो त्यांना देता आला नाही आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची नाचक्की झाली. भित्रा म्हणून हिणवले गेले. त्याच गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला आणि त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे, मग घरचे लोक काहीही म्हणोत, हा त्यांचा बाणा तेव्हा दुबळेपणा वाटला. पुढे त्यांच्या प्रत्येक आकड्याला वजन आले ते त्याच बाण्यामुळे.

किंमत चुकवायची वेळ आली तेव्हा मागे सरल्याचे उदाहरणही पुण्यातलेच. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे मिशनऱ्यांचा चहा ठेवला गेला. गोपाळराव जोशींनी 'पुणे वैभव'मधून नावे छापली आणि शहरात ग्रामण्य उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एका पेल्यातल्या चहावरून कोण ब्राह्मण उरले आणि कोण बाटले, याची रीतसर चौकशी झाली. अखेर १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांना त्यात फारसे समाधान लाभले नाही, सुधारक मात्र मनातून खचले. रानड्यांवर हा ठपका पहिलाच नव्हता. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी दुसरा विवाह केला होता. त्याच पुण्यात वीस वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले, आणि मुरुडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला.

तरीही रानड्यांचा अधिकार पुसला गेला नाही. अर्थशास्त्र, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद या क्षेत्रांत त्यांनी उपसलेले कष्ट इतके होते, की १९०१ मध्ये ते गेले तेव्हा आयुष्यभर विरोधात लढलेल्या टिळकांनीही 'केसरी'त त्यांचे थोरपण मान्य केले. यातून दिसते ते असे की नैतिक अधिकार अखंड नसतो. तो विषयवार मिळतो. स्त्रियांच्या प्रश्नावर कर्व्यांचा शब्द रानड्यांपेक्षा जड ठरला, राष्ट्राच्या अर्थकारणावर रानड्यांचा.

आपल्या माणसांना ऐकवण्याचा सर्वांत कठोर नमुना महाडचा. मार्च १९२७ मधल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची चर्चा होते ती पाण्याच्या हक्कामुळे. पण त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या समाजाला मृत जनावराचे मांस सोडा आणि वंशपरंपरेने गळ्यात पडलेली हलकी कामे टाका, असेही बजावले. ज्यांच्या पोटाला त्या कामांचाच आधार, त्यांना हे सांगणे सोपे नव्हते. सवर्णांना जाब विचारण्याआधी किंवा निदान त्याच दमात स्वकीयांना जाब विचारणे, हे त्या अधिकाराचे मूळ.

उपोषण: मन वळवणे की हात पिरगाळणे?

नैतिक अधिकाराचे भारतातले सर्वांत ओळखीचे हत्यार म्हणजे उपोषण, आणि त्याच्याभोवतीच सर्वांत मोठा वाद आहे. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी येरवडा तुरुंगात अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केले. २४ तारखेला पुणे करार झाला. गांधीवाद्यांच्या लेखी हे हिंदू समाजाचे हृदय हलवणारे तप होते. आंबेडकरांच्या लेखी ती सक्ती होती, कारण करार फिसकटून गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर त्याची झळ गावोगावच्या अस्पृश्यांना बसली असती. दोन्ही म्हणणी पुराव्याला उतरतात. त्या आठवड्यात अनेक ठिकाणी विहिरी आणि देवळे खुली झाली, आणि समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणण्याची मुभा उरली नव्हती. उपोषण कुणाविरुद्ध आहे, हा प्रश्न इथे कळीचा ठरतो.

पंधरा वर्षांनी साने गुरुजींनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते आधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले. गावोगाव सभा घेतल्या, लोकांना समजावले. मग मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. चुकीच्या माहितीवरून खुद्द गांधीजींची उपोषण थांबवा अशी तार आली. आयुष्यभर ज्यांना गुरू मानले त्यांचा शब्द साने गुरुजींनी मोडला. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. गुरुजी ज्या समाजातून आले होते, त्याच समाजाच्या सद्बुद्धीला त्यांनी हाक घातली होती. त्यांच्या उपोषणाने कुणा दुबळ्याचा हक्क जाणार नव्हता. १९३२ आणि १९४७ मधला फरक हा आहे.

पण या गोष्टीची दुसरी बाजू कडू आहे. मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर अस्पृश्य सत्याग्रहींनी पाच वर्षे ठाण मांडले, लाठ्या-दगड खाल्ले. तिथले दार उघडले नाही. पंढरपुरात एका ब्राह्मण शिक्षकाच्या दहा दिवसांच्या उपोषणाने उघडले. काळ बदलला होता, स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते, हे खरे. तरीही ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापेक्षा अन्याय करणाऱ्यांच्या घरातल्या माणसाचे समाज लवकर ऐकतो, हे नाकारता येत नाही. नैतिक अधिकार आपण देतो तेव्हा तो फक्त गुण पाहून देत नाही. आपला-परका पाहूनही देतो.

आणीबाणीची परीक्षा

साठवलेला अधिकार किती दिवस पुरतो, याची परीक्षा १९७५ ने घेतली. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाल्यापासून देश पायी पालथा घालणाऱ्या विनोबांइतका अधिकार तेव्हा फार थोड्यांकडे होता. आणीबाणी आली तेव्हा ते वर्षभराच्या मौनात होते. त्यांचे म्हणून 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारने जागोजागी फलकांवर रंगवले. अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्तेचे असते ते शासन, असा भेद विनोबांच्या बाजूने पुढे मांडला गेला. तोवर फलक वाळले होते. ज्याचा शब्द जड असतो त्याच्या संदिग्ध शब्दाची किंमत इतरांना मोजावी लागते.

त्याच डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. अध्यक्ष दुर्गा भागवत. बाईंच्या मागे ना पक्ष होता, ना आश्रम. लोककथा, बौद्ध वाङ्मय, ऋतू आणि पाककृती यांवर लिहिणारी ही विदुषी. त्यांनी मंत्र्यांच्या उपस्थितीत, भर संमेलनात, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. त्या दिवसापर्यंत दुर्गाबाईंचा अधिकार विद्वत्तेचा होता. त्या एका कृतीने तो नैतिक झाला.

न्यायालयात हेच घडले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात तो जुना निकाल चुकीचा होता असे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव. एकेचाळीस वर्षे तो बहुमताचा निकाल कागदावर कायदा म्हणून राहिला, पण लोक नाव घेत राहिले ते खन्नांचेच.

राजीनाम्याची घसरण

'नैतिक अधिकार' या शब्दाचा सख्खा भाऊ 'नैतिक जबाबदारी', आणि तो भेटतो राजीनाम्याच्या पत्रात. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघातात शंभरहून अधिक माणसे गेली आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी पद सोडले. रुळाखालची माती त्यांनी खचवली नव्हती. मंत्री दोषी नसला तरी उत्तरदायी असतो, एवढेच त्यांना सांगायचे होते. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणावरून अर्थमंत्रिपद सोडले. त्यांनी आपल्याच मंत्रिमंडळाला तोंडावर नकार दिला, म्हणून मराठी माणसाने त्यांना लक्षात ठेवले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी पदे सोडली. २००९ च्या निवडणुकीनंतर आर. आर. पाटील पुन्हा राज्याचे गृहमंत्री झाले. यात बेकायदेशीर काही नव्हते. पण जनतेने एक धडा घेतला: राजीनामा ही आता किंमत राहिलेली नाही, ती रजा झाली आहे. राजीनाम्याने गमावलेला विश्वास परत येत नाही, असे लोकांना वाटू लागले ते या अनुभवातून.

'तेव्हा कुठे होता?'

आजच्या वादांतले हुकमी अस्त्र म्हणजे 'तेव्हा तुम्ही कुठे होतात?' जुने भाषण, जुनी चित्रफीत दोन मिनिटांत सापडते आणि बोलणाऱ्याचे तोंड बंद होते. तत्त्वज्ञ जी. ए. कोहेन यांनी २००६ मधल्या एका लेखात असे तोंड बंद करण्याच्या दोन रीती वेगळ्या केल्या. एक: 'तूही तेच केलेस.' दुसरी: 'हे घडण्यात तुझाच हात आहे.' दोन्हींनी दोष देण्याचा अधिकार कमी होतो. मात्र दोष खोटा ठरत नाही, हे कोहेन यांनी स्पष्ट केले.

पार्किंगमधल्या सभेत गफलत झाली ती इथे. थकबाकीदाराने कुणाला उपदेश केला असता तर सचिवांचे उत्तर चपखल होते. त्याने कागद मागितला होता. कागद मागायला नैतिक अधिकार लागत नाही. सभासद असणे पुरते. लोकशाहीत प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि दोष देण्याचा अधिकार यांची सरमिसळ झाली की फायदा नेहमी ज्याच्याकडे वही आहे त्याचाच होतो. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' ही म्हण ढोंग्यासाठी आहे. हिशेब मागणाऱ्याला गप्प करण्यासाठी नाही.

दार उघडणे आणि उघडे ठेवणे

अण्णा हजारेंनी राळेगणसिद्धीत पाणलोटाच्या कामातून आणि यादवबाबांच्या मंदिरातल्या साध्या राहणीतून अधिकार मिळवला. त्याच गावात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधले गेल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदानावरच्या उपोषणाने संसदेला दखल घ्यायला लावली. लोकपालाचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाला. पहिले लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडला. एका गावात कमावलेला अधिकार संस्थारचनेच्या प्रश्नाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे या प्रवासातून कळते. नैतिक दडपणाने कायदा होतो; तो राबवायला वेगळ्या चिकाटीची गरज असते.

हे आंबेडकरांनी आधीच ओळखले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले, की संवैधानिक नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, त्यांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध सावध केले. नैतिक अधिकार असलेला माणूस जेवढा मोठा, तेवढा त्याच्यापुढे प्रश्न विचारण्याची सवय सुटण्याचा धोका मोठा. ज्याने स्वतःला प्रश्न विचारू दिले नाहीत, त्याचा अधिकार अखेर अनुयायांची गर्दी होऊन उरतो.

म्हणून या आढाव्याचा निष्कर्ष दोन कलमी आहे. नैतिक अधिकार मिळतो तो स्वकीयांना अप्रिय सत्य सांगून त्याची किंमत चुकवल्याने. आणि तो बंद दार उघडू शकतो, पण दार उघडे ठेवण्याचे काम कायद्याचे आणि संस्थांचे असते. पुरावा पंढरपुरातच आहे. साने गुरुजींच्या उपोषणाने १९४७ मध्ये दर्शन खुले झाले. मंदिरातली बडवे-उत्पातांची पिढीजात सत्ता संपवणारा कायदा १९७३ मध्ये झाला. त्याविरुद्धची कोर्टकचेरी सर्वोच्च न्यायालयात संपली ती जानेवारी २०१४ मध्ये, आणि त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी स्त्रियांकडून आणि सर्व जातींच्या लोकांकडून अर्ज मागवले. साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले होते. बाकीच्या कामाला सदुसष्ट वर्षे लागली.